हवेतील वहिवाट

देवासला ज्याचे बालपण गेले, त्याला हद्द म्हणजे काय हे कायद्याच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत या एवढ्याशा गावात दोन राज्ये नांदत होती. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. मुख्य रस्त्याच्या या बाजूस एका महाराजांचा अंमल, त्या बाजूस दुसऱ्यांचा. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिला होता. पुढे १९५३ साली त्याने त्या दिवसांवर ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि या दुहेरी राज्याचे कौतुक दूरदूरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना मात्र त्याचे फारसे कौतुक नव्हते. रस्ता ओलांडला की राजा बदलतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. आमची आजी एवढेच सांगे की, रस्त्याच्या एका बाजूला लग्नाचा चौघडा वाजू लागला की दुसऱ्या बाजूच्या पोरांचे पाय आपोआप थिरकू लागत. शिपाई माणसाला अडवू शके, बैलगाडीला अडवू शके. चौघड्याला अडविणे कोणत्याही दरबाराला साधले नाही.

आजीच्या त्या चौघड्याची आठवण आम्हांस हल्ली वारंवार होते, ती एका निराळ्याच कारणाने. गेली काही वर्षे आम्हांस बिनतारी यंत्रांचा नाद लागला आहे. दिवसभर कोर्टात दोन्ही पक्षांचे ऐकून कान किटलेले असताना हा गृहस्थ रात्री गच्चीवर बसून आणखी काय ऐकतो, असा प्रश्न आमच्या घरात अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे: गावाच्या डोक्यावरची हवा कधीच मोकळी नसते. पोलीस, रेल्वेचे कर्मचारी, विमानतळ, देवासचे व धार जिल्ह्यातल्या पीथमपूरचे कारखाने, खाणी, रखवालदार, यात्रेतले स्वयंसेवक, लग्नाच्या वरातीत दिव्यांची व्यवस्था पाहणारी पोरे, हे सारे हातातल्या छोट्या संचांवरून एकमेकांशी बोलत असतात. मोबाइलच्या दिवसांत या वॉकीटॉकीचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. प्रयोजन साधे आहे. येथे नंबर फिरवावा लागत नाही. एक कळ दाबली की एकाचे बोलणे दहाजणांना एकदम ऐकू जाते. शिवाय २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थासारख्या प्रसंगी लाखो माणसे एका जागी जमली, म्हणजे मोबाइलचे जाळे गर्दीने गुदमरते. दोन संचांमधील थेट संभाषणाला त्या जाळ्याची गरजच नसते.

हे बोलणे कोणत्या वारंवारतेवर चालले आहे याचा शोध घेणारे यंत्र म्हणजे स्कॅनर. नेहमीचा रेडिओ आपण सुई फिरवून एका ठिकाणी लावतो. स्कॅनर ती सुई स्वतःच फिरवीत राहतो, आणि जेथे लहर सापडेल तेथे थबकतो. ही यंत्रे अमेरिकेत १९६० व १९७० च्या दशकांत प्रचारात आली. आरंभीच्या स्कॅनरात प्रत्येक वारंवारतेसाठी स्फटिकाचा एकेक निराळा तुकडा बसवावा लागे, म्हणून तो आठ-दहा ठिकाणांहून अधिक ठिकाणी डोकावू शकत नसे. पुढे हवी ती वारंवारता यंत्रातच निर्माण करण्याची युक्ती साधली आणि तो निर्बंध गेला. २०१२ च्या सुमारास तर मोठीच मौज झाली. संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी विकली जाणारी अंगठ्याएवढी एक स्वस्त पट्टी थोड्या खटपटीने सर्वसंचारी ग्राहक बनू शकते, असे काही हौशी तंत्रज्ञांच्या ध्यानात आले. तेव्हापासून हवेचा पट्टाच्या पट्टा संगणकाच्या पडद्यावर धबधब्यासारखा उतरताना पाहता येऊ लागला. जेथे कोणी बोलत असेल, तेथे त्या धबधब्यात एक उजळ रेघ उमटते.

शोधाची रीत गणिताची आहे, तशीच ती चिकाटीचीही आहे. कोणता पट्टा कोणत्या कामास दिला आहे याचा आराखडा आपले सरकार प्रसिद्ध करीत असते. तो प्रथम समोर ठेवावा. समजा, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा धुंडाळावयाचा आहे. दोन वाटांमधले अंतर साडेबारा किलोहर्ट्झ धरले, तर तेथे तीन हजारांहून अधिक वाटा निघतात. स्कॅनर सेकंदाला पन्नास वाटा पाहत असला, तर एका फेरीला एक मिनिट लागते. आणि वॉकीटॉकीवरचे बोलणे तर चार-पाच सेकंदांत संपते. म्हणजे आपण एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला कोणीतरी बोलून गेलेले असते. म्हणून जाणकार मनुष्य सारा पट्टा एकदम घेत नाही. त्याचे छोटे तुकडे पाडतो आणि एकेका तुकड्यापाशी रात्ररात्र बसतो. ‘स्क्वेल्च’ नावाची एक खुंटी असते. ती नुसत्या खरखरीचे तोंड बंद ठेवते आणि लहर आली की दार उघडते. ती फार सैल ठेवली तर खरखर थांबत नाही, फार आवळली तर दूरचा क्षीण आवाज दाराबाहेरच राहतो. यंत्र स्वतःच्या पोटातूनही काही खोट्या लहरी काढते. अँटेना काढून टाकली तरी जी लहर टिकते, ती बाहेरची नव्हे, घरचीच, एवढी परीक्षा नवशिक्याला पुरते. साक्षीदाराची साक्ष पारखण्याच्या कामी आलेला सारा संशय येथे आमच्या उपयोगी पडला, हे कबूल केले पाहिजे.

या लहरी साधारणपणे डोळ्याच्या वाटेने जातात. पृथ्वीच्या गोलाईने दृष्टी अडली की त्याही अडतात. म्हणून उंचीला मोठे महत्त्व. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास चाराने, थोडे अधिकच, गुणावे; म्हणजे लहर किती किलोमीटर जाईल याचा अदमास निघतो. देवासची माताजीची टेकडी आसपासच्या जमिनीपासून सुमारे तीनशे फूट, म्हणजे नव्वद मीटर उंच आहे. तिच्या माथ्यावरून लहर चाळीस किलोमीटरच्या जवळपास पोहोचते. म्हणजे इंदूर सहज टप्प्यात येते. धारकडची भूमी याहून नाट्यमय आहे. धारपासून पस्तीस किलोमीटरवरच्या मांडूच्या कड्यावर रूपमतीचा मंडप उभा आहे. खाली साडेतीनशे मीटरांहून अधिक खोल निमाडचे मैदान पसरलेले असून निरभ्र दिवशी नर्मदेची रेघ दिसते. राणी तेथून नर्मदेचे दर्शन घेत असे ही कथा सर्वश्रुत आहे; पण ती वास्तू मूळची लष्करी टेहळणीची. ज्याने ती जागा निवडली त्याला वारंवारता हा शब्द ठाऊक नव्हता; तथापि दूरची बातमी घ्यावयाची तर कोठे उभे राहावे, हे त्याला पक्के कळत होते.

येथवर वाचून एखाद्या तरुण वाचकाचे हात शिवशिवू लागले असतील, तर आमच्यातल्या वकिलाने आता पुढे झाले पाहिजे. आमच्या आजोबांच्या पेटीत एक लहानसे पुस्तक जपून ठेवलेले आहे. तो त्यांचा रेडिओचा परवाना. १९५५ साली इंदूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि त्यानंतर लवकरच आमच्या घरी रेडिओ आला. दरवर्षी डाकघरात जाऊन शुल्क भरावयाचे आणि त्या पुस्तकात तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यावयाचा, असा तेव्हाचा दंडक होता. भजने आणि बाजारभाव ऐकण्यासाठीही परवाना लागे, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. घरगुती रेडिओवरचे हे बंधन १९८० च्या दशकात गेले. त्यामागचे तत्त्व मात्र गेले नाही. १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १ जानेवारी १९३४ पासून अंमलात आला. परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगू नये, असे त्याचे तिसरे कलम सांगे. ‘वापरू नये’ असे नव्हे, ‘बाळगू नये’. नुसता ग्राहक बाळगला तर पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत दंड. आणि १९४९ च्या दुरुस्तीनंतर, लहरी सोडणारे यंत्र बाळगले तर तीन वर्षांपर्यंत कैद.

राज्यकर्त्यांना या यंत्रांची एवढी धास्ती का वाटावी, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलीत बदलीत तो चालला आणि नोव्हेंबरात पोलिसांच्या हाती लागला. मधल्या काळात लहरींचा माग काढणारी पथके त्या आवाजामागे मुंबईभर हिंडत होती. गोव्याच्या वाचकांस तर दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत सरहद्दीवरच्या रानातून कोंकणीत व पोर्तुगीजमध्ये गोवामुक्तीचा आवाज चालविला. पोर्तुगीजांना तो नको होता, पण हवेत त्यांची सरहद्द नव्हती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याची वार्ता लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून सांगितली. आज्ञेवाचून हवेत उठलेला आवाज राज्य उलथवू शकतो, हे परक्या सत्तांनी अनुभवाने जाणले होते, आणि त्यांचे कायदे त्या भयातून जन्मले होते. सत्ता आपली झाली, कायदे मात्र बरीच वर्षे तेच राहिले.

मग हवा कोणाची? जमिनीचा मालक तो आकाशापर्यंतचा मालक, असे एक जुने सूत्र आम्हांस विद्यार्थिदशेत शिकविले होते. बिनतारी लहरींनी ते हास्यास्पद ठरविले. त्या आमच्या भिंतींतून आत येतात, देहातून आरपार जातात, आणि अतिक्रमणाचा दावा लावावा तर प्रतिवादी सापडत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या एका खटल्यात या प्रश्नाचे उत्तर दिले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि सरकारने लोकांच्या वतीने तिचे नियमन करावयाचे आहे, असा त्याचा आशय. हे वाचून एखादा म्हणेल, मालमत्ता आमची, तर मग कान लावावयास कोणाची परवानगी हवी?

येथेच पाऊल जपून टाकावे लागते. लहर सार्वजनिक आहे. तिच्यावरून जाणारा शब्द सार्वजनिक नाही. रस्ता सर्वांचा असतो, म्हणून त्यावरून चाललेल्या वाटसरूचे गाठोडे सर्वांचे होत नाही. साऱ्या जगाने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत सतरावे प्रकरण गुप्ततेचे आहे. जे संदेश सर्व जनतेसाठी नाहीत ते अधिकारावाचून ऐकण्यास प्रत्येक राष्ट्राने प्रतिबंध करावा, असे ते सांगते. त्यापुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे: अशा रीतीने कळलेला मजकूर उघड करू नये, इतकेच नव्हे, तर असा संदेश होता हे नुसते सांगूही नये. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने ऐकणे आणि ऐकलेले फोडणे या दोहोंची सांगड घालून मुख्य बोट फोडणाऱ्याकडे दाखविले. त्यामुळे तेथे पोलिसांच्या व अग्निशमनदळाच्या वारंवारता धुंडाळणे हा एक उघड छंद बनला. आपल्याकडचा कल वेगळा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे बेचाळिसावे कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले असून, बेकायदा रीतीने संदेश मध्येच टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. कोठे ते शंभर रुपये आणि कोठे हे दोन कोटी! सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली टेलिफोनवरील संभाषणास खाजगीपणाच्या हक्काचे संरक्षण दिले, आणि २०१७ साली त्या हक्कास मूलभूत हक्क म्हणून निःसंदिग्ध मान्यता दिली. कायद्याचे भय जुने असले, तरी त्याच्या पोटी आता माणसाविषयीची कदरही आलेली आहे, असे आम्हांस वाटते.

या कारणाने आम्ही प्रथम परीक्षा दिली, हौशी बिनतारी केंद्राचा परवाना घेतला, आणि मगच यंत्र घरी आणले. त्या परवान्याने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा, आणि असेच आणखी काही पट्टे, आमच्यासारख्या हौशी मंडळींस बोलण्यास व ऐकण्यास मोकळे असतात. बाकीच्या हवेत लहर दिसते, पण आम्ही तेथे थांबत नाही. पडद्यावरची उजळ रेघ पाहून येथे कोणी जागे आहे एवढे कळते. आवाजाची कळ आम्ही दाबत नाही. आमच्या वहीत हौशी केंद्रांच्या वारंवारता, त्यांच्या वेळा आणि त्या दिवशीचे हवामान एवढ्याच नोंदी आहेत. इतर कोणाची वारंवारता तीत नाही, आणि अर्थात या लेखातही नाही. पुष्कळ तरुण मित्रांना हा अव्यापारेषु संयम वाटतो. आमचे त्यांना एवढेच सांगणे असते की, शेजाऱ्याची खिडकी उघडी आहे हे दिसणे निराळे आणि तिच्याखाली स्टूल घेऊन बसणे निराळे. मराठीने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. ‘कानावर पडणे’ आणि ‘कान देणे’ यांना आपण कधी एक समजत नाही.

कानावर पडलेल्याचे सोने कसे होते, याचा दाखला तर आमच्या गावातच आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. गाण्याची बंदी होती. अंथरुणावर पडून ऐकणे तेवढे हाती होते. त्या काळात बाहेरून येणारी मालव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. ती गाणी कोणी त्यांच्यासाठी गात नव्हते. पुढे १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्या लोकधुनांतून त्यांना नवे राग आणि नव्या बंदिशी सापडलेल्या होत्या. यात कोणाची चोरी झाली असे कोणीही म्हणणार नाही. ते गाणे मोकळ्या हवेत, जो ऐकेल त्याच्यासाठी उमटलेले होते. आणि ऐकणाऱ्याने त्यातले गुपित नव्हे, सूर उचलले. हवेतून काय घ्यावे आणि काय तसेच जाऊ द्यावे, याचा विवेक याहून निराळा नाही.

तथापि हा विवेक इतका सरळ असता, तर वकिलांची गरज उरली नसती. नवा कायदा येण्यापूर्वीची गोष्ट. देवासपासून काही कोसांवरच्या एका खेड्यातला मंडपवाला आमच्याकडे पक्षकार म्हणून आला. लग्नसराईत दिवे आणि जनरेटर सांभाळणाऱ्या पोरांसाठी त्याने घरबसल्या मागवून चार वॉकीटॉकी घेतले होते. ४४६ मेगाहर्ट्झजवळचा एक अरुंद पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी २०१८ पासून परवान्यावाचून खुला आहे. पण हे संच त्या पट्ट्यातले नव्हते, आणि खोक्यावर तसे काही छापलेलेही नव्हते. थंडीतल्या एका रात्री तो काम आटोपून टेम्पोतून परतत असताना संचावर अनोळखी आवाज आला, “कोई सुन रहा है क्या?” एकदा, दोनदा, पाचदा. एका दगडखाणीवरचा रखवालदार होता. मजुराचा हात पट्ट्यात सापडला होता आणि त्याच्या मुकादमाचा संच बंद पडलेला होता. मंडपवाल्याने कळ दाबली, ठिकाण विचारले, टेम्पो वळविला आणि त्या मजुरास इस्पितळात पोहोचविले. हात राहिला नाही, माणूस राहिला.

आठवडा उलटला, आणि आपल्या वारंवारतेवर परका मनुष्य बोलतो अशी खाणवाल्याची तक्रार गेली. चारही संच जप्त झाले, आणि परवान्यावाचून यंत्र बाळगल्याचा खटला उभा राहिला. आम्ही वकीलपत्र घेतले. संकटात सापडलेल्या केंद्रास आणि त्याला साहाय्य करणाऱ्यास हाती असेल त्या बिनतारी साधनाचा उपयोग करण्यास आंतरराष्ट्रीय नियम आडकाठी करीत नाहीत, असे आम्ही कोर्टापुढे मांडले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतले. परंतु ते संच त्या रात्रीच्या आधीपासूनच त्याच्याकडे होते. त्या रात्रीचे पुण्य आधीच्या दोन महिन्यांच्या बाळगण्यावर पांघरूण घालू शकत नव्हते. आरोपीने गुन्हा कबूल केला, दंड भरला, संच सरकारजमा झाले. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्याने विचारले, “वकीलसाहेब, एक सांगा. माझा गुन्हा ऐकण्याचा की बोलण्याचा?”

“दोन्हींचा नाही,” आम्ही म्हणालो, “बाळगण्याचा.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तर मग पुढल्या वेळी तो ओरडेल आणि माझ्याकडे संच नसेल.”

या वाक्यास आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि कायद्याकडेही नव्हते. निकाल चुकला असे आम्ही म्हणत नाही. उद्या शंभर मंडपवाले मनास येईल त्या वारंवारतेवर बोलू लागले, तर खाणीतला तो रखवालदार पाचदाच काय, पन्नासदा ओरडला तरी गलबल्यात कोणास ऐकू जाणार नाही. परवान्याचे खरे समर्थन तेच आहे. शिवाय दोष एकट्या घेणाऱ्याचा नव्हता. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांची ऑनलाइन विक्री करणाऱ्यांस नोटिसा बजावल्या आणि वारंवारता व परवान्याची माहिती ग्राहकास देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. हे आधी झाले असते, तर आमच्या पक्षकाराला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. एवढे सारे मान्य करूनही त्याचे वाक्य मनात राहिले, आणि आमच्या नियमाला त्याने एक पुरवणी जोडली. लहर सर्वांची; शब्द ज्याचा त्याचा; पण हाक मात्र ज्याच्या कानी पडेल त्याची. संभाषण कोणाचे तरी खाजगी धन असते. संकटातल्या हाकेवर तसे नाव लिहिलेले नसते. चुकून कानी पडलेले बोलणे विसरून जाणे हे सभ्य मनुष्याचे कर्तव्य आहे. चुकून कानी पडलेली हाक विसरणे हे नव्हे.

आमच्या या हौशी मंडळींत हे फार जुने व्रत आहे. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून हौशी केंद्र चालविण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेस त्सुनामीने बेटांचे टेलिफोन तोडले, आणि हौसेखातर नेलेली ती यंत्रे दिवसेंदिवस बेटावरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवीत राहिली. त्यांच्याजवळ यंत्र होते, परवाना होता आणि ऐकण्याची सवय होती. मंडपवाल्यापाशी यांतला परवाना तेवढा नव्हता. म्हणून त्याला आम्ही एकच सल्ला दिला, आणि आमच्या वकिलीतला तो सर्वांत स्वस्त सल्ला असावा: परीक्षेला बसा. त्याचा धाकटा मुलगा बसला. मोर्सची अट नसलेली खालच्या वर्गाची परीक्षा त्याने दिली, आणि वर्षभरात त्याच्या नावापुढे ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम लागले. मंडपाच्या कामासाठी तो परवाना चालत नाही, हे आम्ही बापलेकांना दोनदा बजावून सांगितले आहे. मंडपासाठी आता ४४६ च्या पट्ट्यातले संच आहेत.

हौशी बिनतारीत पुकारा करण्याची एक ठरलेली रीत आहे. इंग्रजीतली ‘सीक्यू’ ही दोन अक्षरे उच्चारावयाची. त्यांचा अर्थ एवढाच की, जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे. हवेतल्या असंख्य संभाषणांत हे एक असे आहे की ज्यावर कोणाचे नाव नाही, आणि म्हणून ज्यावर थबकण्याचा हक्क प्रत्येक परवानाधारक कानाला आहे. थंडीतल्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार अशी असली, म्हणजे लहरी किंचित वाकून नेहमीच्या क्षितिजापलीकडे जातात. गेल्या पौषात अशाच एका पहाटे आम्ही माताजीच्या टेकडीवर होतो आणि तो मुलगा धारकडच्या एका उंच माळावर. सरळ रेषेत हे अंतर पंचाऐंशी किलोमीटरच्या आसपास भरते, आणि मध्ये सारे इंदूर झोपलेले. आम्ही पुकारा केला. दोनदा नुसती खरखर आली. तिसऱ्यांदा स्क्वेल्चचे दार उघडले, आणि त्याने आपले संकेतनाम सांगून शुद्ध पुस्तकी मराठीत विचारले, “काका, माझा आवाज स्पष्ट येतो आहे का?”

आम्ही म्हणालो, “येतो आहे. बोल.”